द्राक्षभूमींतील भिंती

मद्याचा थेंबही ज्यानें आयुष्यांत चाखला नाहीं अशा मनुष्यानें फ्रान्समधील बर्गंडी प्रांतांत दहा दिवस राहून पाहिलें तरी काय, असा प्रश्न परत आल्यापासून पुष्कळांनीं मला विचारला. प्रश्न रास्त आहे. बर्गंडी म्हटलें कीं मद्य, हें समीकरण जगभर इतकें दृढ झालें आहे कीं, तेथें जमीन आहे, माणसें आहेत, घराणीं आणि घराण्यांतील वांटण्या आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. मी तेथें गेलों तो नात्याच्या ओढीनें. आमच्या वडील बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त सहकुटुंब दिजों शहरीं राहतो. “काका, पॅरिस दोन दिवसांत आटोपा आणि काकूला घेऊन आमच्याकडे निवांत या,” असें त्याचें तीन वर्षांचें टुमणें होतें. गेल्या सप्टेंबरच्या आरंभीं तो योग आला. द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम चालू होता.

पॅरिसहून आगगाडीनें दिजोंस जाण्यास दीड तासाच्या आसपास लागतो. चौदाव्या-पंधराव्या शतकांत बर्गंडीचे ड्यूक येथून राज्य करीत, आणि त्यांचा दरारा खुद्द फ्रान्सच्या राजालाही वाटे. त्यांचा राजवाडा शहराच्या मध्यावर आहे. पण आमच्या कुटुंबास त्याहून अधिक आवडलें तें नोत्र-दाम देवळाच्या भिंतींतील दगडाचें लहानसें घुबड. येणारा-जाणारा त्याला डावा हात लावून मनांत इच्छा धरतो. हात लागून लागून बिचाऱ्याचे नाकडोळे पार झिजून गेले आहेत. “ज्या पक्ष्याचें आपल्याकडे सकाळीं नांवही घेत नाहींत, त्याला येथें नवस!” असें म्हणत सौभाग्यवतींनींही डावा हात लावला. काय मागितलें तें मात्र अद्याप सांगितलेलें नाहीं.

दिजोंपासून दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटरपर्यंत एक बुटकी डोंगररांग गेली आहे. तिच्या पूर्वेकडील उतारास कोत दोर म्हणतात; शब्दार्थ सुवर्णाची उतरण. सह्याद्रि पाहिलेल्या माणसाला तिला डोंगररांग म्हणवत नाहीं, शेताच्या मोठ्या बांधासारखी ती वाटते. परंतु जगांतील अत्यंत महाग शेतजमिनींपैकीं कांहीं याच बांधावर आहेत. पायथ्यानें सडक व लोहमार्ग जातात, आणि गांवें माळेंतील मण्यांसारखीं एकामागून एक येतात. आमचा क्रम ठरून गेला. सूनबाईनें दिलेलीं थालिपिठें आणि दिजोंच्या प्रसिद्ध मोहरीची बाटली बांधून घ्यावयाची, बसनें एका गांवीं उतरावयाचें, द्राक्षांच्या मळ्यांतील वाटेनें पुढच्या गांवापर्यंत रमतगमत जावयाचें, आणि सायंकाळच्या गाडीनें परतावयाचें. दिवसाला एक गांव, फार तर दोन. मोटारी भाड्यानें घेऊन एका दिवसांत सहा तळघरें उरकणारे प्रवासी आम्हांस वाटेंत भेटत. संध्याकाळीं त्यांस कोणतें गांव कोणतें हें सांगतां येत असेल कीं नाहीं याची मला शंका आहे, आणि त्याचें कारण केवळ घाई नव्हे.

पहिल्याच दिवशीं एक मौज कळली. जव्रे नांवाच्या गांवानें १८४७ सालीं आपल्या हद्दींतील सर्वांत नामांकित शेताचें, शांबेर्तेंचें, नांव आपल्या नांवास जोडून घेतलें, आणि तें जव्रे-शांबेर्तें झालें. तें पाहून आजूबाजूच्या गांवांनींही तोच मार्ग धरिला. मनुष्य गांवावरून आडनांव घेतो हें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. येथें गांवानें शेताचें आडनांव लावलें आहे.

अशा शेतास तेथील लोक ‘क्लिमा’ म्हणतात. एरवीं फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ हवामान. बर्गंडींत मात्र त्याचा अर्थ स्वतःचें नांव, सीमा आणि स्वभाव असलेला जमिनीचा तुकडा. असे १२४७ तुकडे मोजले गेले असून २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. तांबड्या मद्यासाठीं पिनो न्वार आणि पांढऱ्यासाठीं शार्दोने, अशा मुख्यतः दोनच जातींच्या वेली सर्वत्र दिसतात. तरीही एका पायवाटेच्या अलीकडचा माल पलीकडच्या मालाच्या कितीएक पट किमतीस जातो. ऐकणाऱ्यास हें व्यापाऱ्यांचें थोतांड वाटावें. पण चालतां चालतां पायांना फरक कळूं लागतो. माथ्याकडे मातीचा थर पातळ आणि चुनखडीचा खडक उघडा. पायथ्याशीं चिकण, दमट माती. मधल्या पट्ट्यांत दोहोंचा मेळ, पाण्याचा निचरा उत्तम आणि सकाळचें ऊन थेट अंगावर. सर्वोच्च प्रतीचीं शेतें बहुतेक याच मधल्या पट्ट्यांत आहेत. वैशेषिक दर्शनांत ‘विशेष’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानिला आहे. ज्याच्या योगानें एक परमाणु दुसऱ्यापासून भिन्न ओळखावा तो विशेष. महर्षि कणाद या उतारावर फिरावयास आले असते तर दोन घटका सुखानें रमले असते.

व्हूजो गांवचें ‘क्लो द व्हूजो’ हें या सर्व प्रकरणाचें मूलपीठ होय. क्लो म्हणजे भिंतीनें बंदिस्त केलेलें शेत. १०९८ सालीं जवळच्या सपाटींत सितो येथें कांहीं ख्रिस्ती यतींनीं कडक नियमांचा एक मठ स्थापिला. पुढील शतकांत त्यांना या उतारावर जमिनी दान मिळत गेल्या, कांहीं त्यांनीं विकत घेतल्या, आणि सुमारें पन्नास हेक्टरांचें, म्हणजे आपल्या सव्वाशें एकरांचें, एकसंध शेत बनवून त्याभोंवतीं त्यांनीं दगडी भिंत घातली. ते यति माती चाखून पाहत अशी आख्यायिका तेथें सांगतात. ती खरी असो वा नसो, एकाच जमिनीकडे पिढ्यान् पिढ्या पाहत राहणें आणि पाहिलेलें पुढच्यास सांगून जाणें ही शिस्त त्यांनीं पाळली. आंत १५५१ सालीं बांधलेला वाडा असून द्राक्षें दाबण्याचे लाकडाचे चार प्रचंड घाणे जुन्या कोठारांत उभे आहेत. एकेका घाण्याची तुळई पाहून आपल्या वाड्यांचीं आढीं अगदीं काडीसारखीं वाटूं लागतात.

त्या भिंतीच्या सांवलींत थालिपीठ खात बसलों असतां एक साधी गोष्ट मनांत आली. यतींना मुलें नसतात. मठांत जो नवा येतो तो परंपरेचा वारस होतो, शेताचा वांटेकरी होत नाहीं. म्हणूनच साडेसहाशें वर्षांहून अधिक काळ हें शेत अखंड राहिलें. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर मठांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, आणि १७९१ सालीं हें शेत विकलें गेलें. तरीही तें पुढें शंभर वर्षें बहुतांशीं एकहातीं होतें. १८८९ सालीं मात्र त्याचे तुकडे पडले. आज त्या एका भिंतीच्या आंत मालकांची संख्या ऐंशींच्या घरांत आहे. कोणाच्या वांट्यास कांहीं एकर, तर कोणाच्या वांट्यास वेलींच्या केवळ थोड्या ओळी.

हें असें होण्यास १८०४ चा नेपोलियनचा दिवाणी कायदा मोठ्या अंशीं कारण झाला. थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी असा भेद न करतां सर्व अपत्यांस त्यानें समान वांटा दिला. बापानें मृत्युपत्र लिहून एखाद्यास वगळूं म्हटलें तरी अपत्यांचा ठराविक हिस्सा राखीव. आमच्याकडे मुलीस वडिलार्जित मिळकतींत जन्मतः मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावें लागलें, हें लक्षांत घेतां त्या कायद्याची योग्यता नाकारतां येत नाहीं. परंतु न्याय जमिनीच्या पोटांतून जातो तेव्हां तो नांगराच्या फाळासारखा जातो. बर्गंडींत ‘ऊव्रे’ नांवाचें एक जुनें माप अजून चालतें. एका माणसानें एका दिवसांत जेवढी वेल-जमीन खणावी तेवढी एक ऊव्रे. आपल्या हिशेबानें चार गुंठ्यांहून किंचित् अधिक. उत्तम शेतांतील वांटण्या आजही या मापानें बोलल्या जातात, इतकी ती जमीन बारीक झाली आहे.

तरी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. वांटण्या कितीही झाल्या, तरी शेताची सीमा आणि नांव यांस कोणी हात लावला नाहीं. क्लो द व्हूजोच्या बाहेरची भिंत आहे तशीच आहे. आंत भाऊबंदांनीं एकमेकांविरुद्ध कुंपणें घातलेलीं नाहींत. माझी ओळ कोठें संपते हें ओळीच्या टोकाच्या दगडावरून कळतें, एवढेंच. ऐंशींपैकीं प्रत्येकजण आपल्या बाटलीवर त्याच एका शेताचें नांव लावतो. अर्थात् नांव एक आणि हात ऐंशीं, तेव्हां माल सारखा कोठून असणार? म्हणून जाणता गिऱ्हाईक तेथें दोन गोष्टी विचारतो: शेत कोणतें, आणि पिकविणारा कोण. आपल्याकडे गोत्र विचारल्यावर पुन्हां नांव विचारतात, त्यांतलाच हा प्रकार.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या मोरे-सें-दनी गांवीं आहे. क्लो द तार हें साडेसात हेक्टरांचें शेत ११४१ सालापासून तार येथील ख्रिस्ती भिक्षुणींच्या मठाकडे होतें. राज्यक्रांतींत तें एका घराण्याकडे गेलें, १९३२ सालीं दुसऱ्या घराण्याकडे, आणि २०१७ सालीं फ्रान्स्वा पिनो या धनाढ्य उद्योगपतीनें तें घेण्याचा व्यवहार झाला. (त्यांचें आडनांव आणि द्राक्षाच्या जातीचें नांव उच्चारानें एकच, ही एक गंमत.) जवळजवळ नऊशें वर्षांत त्या शेताची एकही वांटणी झालेली नाहीं. पण तें टिकलें कोणाच्या हातीं, तर आधीं संन्यासिनींच्या, नंतर श्रीमंतांच्या आणि शेवटीं अतिश्रीमंतांच्या. कोत दोरमधील सर्वोच्च प्रतीच्या जमिनीचा भाव सरासरीनें हेक्टरी साठ लाख युरोंच्या वर गेला आहे. वारसाकर या भावावर आकारला जातो, आणि द्राक्षें पिकवून पोट भरणाऱ्यानें तो भरावयाचा कोठून? मोठ्या धनिकांच्या हातीं जमीन जाण्याचें हें एक कारण म्हणून तेथील लोक सांगतात, आणि सांगतांना त्यांचा आवाज उतरतो.

अशाच एका बागाइतदाराशीं पुतण्यानें आमची गांठ घालून दिली. गृहस्थ माझ्याच वयाचे. जमीन पंधरा एकर, पण ती तीन गांवांत विखुरलेल्या सतरा तुकड्यांत. तळघरांत पिंपांच्या रांगा लागलेल्या होत्या, आणि आंत ओल्या मातीचा व आंबलेल्या रसाचा असा कांहीं वास कीं, सौभाग्यवतींनीं पदर नाकाशीं नेला. यजमानांनीं चांदीची एक उथळ वाटी काढून पिंपांतील मद्य तिच्यांत घेतलें, दिव्यापुढें धरून रंग पाहिला, तोंडांत घोळविलें आणि कोपऱ्यांतील भांड्यांत खुशाल थुंकून टाकिलें. पारखणाऱ्याची रीतच ती आहे. दिवसांत पन्नास नमुने गिळणारा पारखी कसचा उरणार! मीं हात जोडून नकार दिला तेव्हां त्यांस मुळींच वाईट वाटलें नाहीं. त्यांच्या मुलीनें नुकताच गाळलेला, अजून न आंबलेला द्राक्षरस आम्हां दोघांस पेले भरून आणून दिला. काव्यशास्त्रांत द्राक्षापाक म्हणून जी रचना वाखाणली आहे, जिचा रस आंतबाहेर सारखाच सुलभ असतो, तिचें नांव इतक्या अन्वर्थक रीतीनें माझ्या जिभेवर पूर्वीं कधीं उतरलें नव्हतें.

बोलतां बोलतां त्यांनीं घरची हकीकत सांगितली. वडिलांच्या पश्चात् तीन भावंडांत वांटणीची वेळ आली. उत्तम तुकडा एकाला आणि हलका दुसऱ्याला असें कोणीच मान्य करीना, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या ओळी तिघांत मोजावयाच्या असें ठरूं लागलें. तसें झालें असतें तर कित्येक ठिकाणीं दोन-दोन ओळींचें शेत हातीं राहिलें असतें. शेवटीं बहिणीनें तोड सुचविली. सर्व जमीन एका कौटुंबिक मंडळीच्या नांवें करावयाची, भावंडांनीं जमिनीऐवजीं तिचे भाग घ्यावयाचे, आणि जो प्रत्यक्ष वेलींत राबेल त्यास ती दीर्घ मुदतीच्या खंडानें द्यावयाची. अशा मंडळ्यांना तेथील कायद्यांत सोय आहे आणि पुष्कळ घराण्यांनीं तिचा आश्रय केला आहे. म्हणजे एकत्र कुटुंब मोडलें, आणि मग तेंच कागदावर पुन्हां मांडावें लागलें! आज यजमानांची मुलगी सर्व जमीन कसते. तिचीं आतेभावंडें-चुलतभावंडें शहरांत नोकऱ्या करितात, त्यांना वर्षाकांठीं थोडासा खंड मिळतो. त्यांतील एकाला आतां आपले भाग विकून रोख रक्कम हवी आहे. ते घेण्याइतका पैसा मुलीजवळ नाहीं.

“मग काय करणार?” मीं पुतण्याकरवीं विचारलें.

म्हातारा हंसला. तोडणी संपल्यावर त्या प्रांतांत ‘पोले’ नांवाची मोठी जेवणावळ घालतात. मजूर, मालक, पाहुणे सर्व एका पंक्तीस. या घराण्यानें मंडळीची वार्षिक सभा मुद्दाम त्याच दिवशीं ठेविली आहे. “ज्याला विकावयाचें आहे त्यानें आधीं तोडणीला यावें, जेवावें, आणि मग बोलावें,” इतकेंच तो म्हणाला. युक्ति कितपत लागू पडते तें ठाऊक नाहीं. पण मला ती वकिलाच्या नोटिशीहून बरी वाटली.

या लोकांवर संकटेंही थोडीं आलेलीं नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्सेरा नांवाच्या सूक्ष्म किडीनें मुळें खाऊन फ्रान्समधील बहुतेक वेली मारिल्या. उपायही अमेरिकेंतूनच आला: तिकडच्या काटक खुंटावर इकडच्या वेलीचें कलम बांधणें. आज नाशिक-सांगलीकडील आपल्या बागांतही अमेरिकन खुंटावर कलमें बांधतात. तेथें मात्र कारण क्षार आणि पाण्याची टंचाई. व्होन-रोमाने गांवचें रोमाने-कोंती हें जगप्रसिद्ध शेत केवळ साडेचार एकरांचें. तेथील मालकांनीं जुन्या मुळांवरच्या वेली हट्टानें १९४५ पर्यंत जगविल्या. मग त्याही उपटून नवीं कलमें लावावीं लागलीं.

दुसरें संकट हळू पावलांनीं येत आहे. बोन शहरच्या दप्तरांतून द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ सालापासून सांपडतात, आणि संशोधकांनीं २०१८ पर्यंतची त्यांची सलग यादी सिद्ध केली आहे. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीनें २८ सप्टेंबरास सुरू होई. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली. पंचांगकर्त्यांच्या देशांतील माणसास ही यादी पाहून आदर वाटावा, आणि थोडी भीतीही. वेली लवकर फुटूं लागल्या कीं वसंतांतील थंडीच्या तावडींत सांपडतात. एप्रिल २०२१ मध्यें कोंवळे कोंब वांचविण्यासाठीं शेतकऱ्यांनीं रात्रभर ओळीओळींत मेणाचे दिवे पेटवून ठेविले होते. तरीही पुष्कळ पीक गेलें.

बोन येथें आम्ही तीन दिवस काढिले. तेथील धर्मार्थ रुग्णालयाची इमारत, तिचीं रंगीत चकाकत्या कौलांचीं छपरें आणि तांबड्या पडद्यांच्या खाटांची लांबलचक शाळा, ही सर्व जगानें चित्रांत पाहिलेली आहे. १४४३ सालीं ड्यूकचा मुख्य प्रधान निकोला रोलें आणि त्याची पत्नी गिगोन द सालें यांनीं तें स्थापिलें. लोकांस लुबाडून गरीब केल्यावर त्यांच्यासाठीं रुग्णालय बांधणें प्रधानास भागच होतें, असें त्याचे निंदक म्हणत. पण फरशीवरील लाद्यांवर एक तारा आणि ‘एकटीच’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला आहे. तो त्यानें पत्नीला उद्देशून घातला. पति गेल्यावर त्या बाईनें रुग्णांच्या सेवेंत दिवस घालविले. १९७१ पर्यंत तेथें रुग्ण होते. दात्यांनीं शतकानुशतकें दिलेले मळे, सुमारें साठ हेक्टर, आजही त्या संस्थेचे आहेत, आणि त्यांच्या मालाचा लिलांव १८५९ पासून नोव्हेंबरांत होत असतो. उत्पन्न रुग्णसेवेस जातें. देवस्थानच्या जमिनीसारखी ही जमीन. तिलाही वारस नाहीं, म्हणून वांटणीही नाहीं.

निघण्याच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्यानें सहज विचारलें, “काका, आपल्या कोंकणांतल्या जमिनीला नांवें होतीं का हो?” त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आज एकोणीस नांवें आहेत, त्यांतले चौघे परदेशांत, आणि यंदाच्या दिवाळींत विक्रीचें बोलणें व्हावयाचें आहे. मीं कागद घेतला. देवाचा मळा, चिंचेचें आगर, वडाखालचा कुणगा, खाजण, अशीं सात नांवें लिहिलीं आणि अडलों. तेथील सहा म्हणजे आपले साडेनऊ. दादा जागे होते. फोनवर त्यांनीं आठवें सांगितलें. नववा तुकडा ओढ्यापलीकडचा, त्याचें नांव कांहीं केल्या दोघांसही आठवेना. तेवढ्यांत मागून वहिनींचा आवाज आला, “अहो, कावळ्याचा कुणगा!” पुतण्यानें तें नांव नकाशावर लिहिलें, आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलीनें तेथें एक कावळा काढून ठेविला.